नाव न सांगायचं औषध

इंदूआक्का पाला तोडायला निघाल्या की बोलत नसत. सकाळी उजाडायच्या सुमाराला त्या घरातून बाहेर पडायच्या, पाला तोडायच्या, घरी येऊन तो तांब्याच्या परातीत ठेवायच्या आणि मगच तोंड उघडायच्या. मधे कुणी हाक मारली तर नुसती मान हलायची. हिंजवडीशेजारच्या माणमधल्या जुन्या लोकांना हे ठाऊक होतं. पण माणमध्ये आता जुन्या लोकांपेक्षा भाडेकरू जास्त आहेत. एका सकाळी पार्सल पोचवणाऱ्या एका माणसाने त्यांना हिंदीत पत्ता विचारला. आक्कांनी हाताने इमारत दाखवली. तो समजला, म्हातारी मुकी आहे. पुढे वर्षभर तो त्यांच्याशी खुणांनी बोलत होता. पार्सल देताना बोटं वर करून आकडे दाखवायचा, जाताना दोन्ही हात जोडायचा. आक्काही त्याला खुणांनीच उत्तर द्यायच्या. सुनेने विचारलं, तेव्हा म्हणाल्या, "त्याला बरं वाटतंय. आपलं काय जातंय?"

मी त्यांच्या इमारतीत चार वर्षं राहिले. एका वर्तमानपत्राच्या संपादकीय टेबलावरचं काम मी तेव्हा घरून करत होते आणि दुसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्या मला पुरत होत्या. इमारत चार मजल्यांची, प्रत्येक मजल्यावर सहा दारं. ती जिथे उभी आहे तिथे पूर्वी आक्कांचं खळं होतं. बाकीची शेती आयटी पार्कच्या दुसऱ्या टप्प्यात गेली. घरातले बाकीचे या विषयावर बोलायचे, आक्का बोलायच्या नाहीत. त्यांना त्या जमिनीतलं एकच आठवायचं, ते म्हणजे ओढ्याकडचा बांध. औषधाचा सगळा पाला त्या बांधावर मिळायचा. तिथे आता एका कंपनीचं वाहनतळ आहे. वाहनतळाच्या कोपऱ्यात, विजेच्या डीपीमागे, बांधाचा दहा-बारा फुटांचा तुकडा तसाच राहिला होता. आक्का तिथे जायच्या. दारावरचे सुरक्षारक्षक बदलत राहायचे. जुना रक्षक नव्याला सांगून जायचा की या आजींना सोडायचं, त्या बोलणार नाहीत.

तिथे जे मिळेनासं झालं ते त्यांनी गच्चीवर रंगाच्या रिकाम्या बादल्यांमध्ये लावलं होतं. चौदा बादल्या होत्या. एकीवरही नाव नव्हतं.

आक्का सत्तरीच्या पुढच्या, उंच आणि ताठ. नेहमी सुती नऊवारी लुगडं, बारीक चौकड्यांचं, गडद हिरवं नाहीतर तपकिरी. ते स्वतः धुवायच्या, गच्चीवर भाडेकरूंच्या जीन्सशेजारी वाळत घालायच्या आणि कधी इस्त्री करायच्या नाहीत. धुऊन धुऊन ती लुगडी इतकी मऊ झाली होती की घडी घातली तर हातभर लुगडं मुठीत मावायचं. सुनेने, मनीषाने, एका दिवाळीला त्यांना चकचकीत साडी आणली होती. आक्कांनी ती हातात घेतली, बोटांनी चोळली आणि परत दिली. "हे अंगाला चिकटतं," म्हणाल्या. "मी नायलॉनमदी भाजलेल्या बाया बघितल्यात. कातड्याबरूबर सुटतं ते. मी न्हाई नेसायची."

भाजलेली माणसं त्यांनी खूप पाहिली होती, कारण त्यांचं औषध भाजण्यावरचं होतं. हिंजवडी, जांबे, लवळे, पार घोटावड्यापर्यंतची माणसं त्यांच्याकडे यायची. आलेल्या माणसाला त्या आधी जखम दाखवू द्यायच्या नाहीत. आधी विचारायच्या, कशानं भाजलं? तेल, पाणी, वाफ का विस्तव? उत्तराप्रमाणे लेप पातळ किंवा घट्ट व्हायचा. जखम मोठी असेल, तोंडावर असेल किंवा लहान मूल असेल, तर त्या लेप द्यायच्या नाहीत, सरळ दवाखान्यात पाठवायच्या. हे त्यांचं शहाणपण मी पहिल्या वर्षीच टिपून ठेवलं होतं. लवळ्याच्या कॉलेजच्या कँटीनमधला एक आचारी कोपरापर्यंत हात भाजून आला होता. लेप लावून घेताना तो सारखा विचारत होता की यात काय आहे. आक्कांनी शेवटी त्याला विचारलं, "तुज्या भाजीत काय घालतोस ते मी इचारलं का?" तो म्हणाला, विचारा की, सांगतो. आक्का म्हणाल्या, "मंग तुजी भाजी कुनी बी करंल." त्याचा हात तीन आठवड्यांत भरला. तो नारळ घेऊन आला. आक्का औषधाचं काही घेत नसत. नारळ ग्रामदैवताला वाहायला सांगत.

न बोलता तोडायचं, काही घ्यायचं नाही आणि नाव सांगायचं नाही, असे या औषधाचे नियम होते. यातला शेवटचा सगळ्यात कडक. आक्कांच्या सासूने हे औषध त्यांना एका अवसेला गोठ्याचं दार लावून कानात सांगितलं होतं, एकदाच. त्यानंतर दोघींनी एकमेकींसमोरही त्यातल्या एका वस्तूचं नाव औषध म्हणून घेतलं नाही. नाव तोंडातून बाहेर पडलं की गुण जातो, आणि एकदा गेला की परत येत नाही, अशी समजूत. लेकीला सांगायचं नाही, कारण ती दुसऱ्या घरी जाते. सुनेलाच सांगायचं. पण मनीषाने नको म्हणून सांगितलं होतं. ती खोल्यांचं, पाण्याच्या टाकीचं आणि चाळीस भाडेकरूंच्या तक्रारींचं बघायची. पहाटे गप्प राहणं आपल्याला जमणार नाही, असं तिने सासूला तोंडावर सांगितलं. आक्का मला म्हणाल्या, "ते मात्र खरं बोलली."

लवळ्याच्या विद्यापीठातून एक विद्यार्थिनी आली होती. तिला तिच्या प्रकल्पासाठी गावठी औषधांची नोंद करायची होती. आक्कांनी तिला चहा दिला, पोहे दिले, लग्नाचं विचारलं आणि औषधाचं काही सांगितलं नाही. ती गेल्यावर मी म्हटलं, लिहून ठेवलं तर टिकेल तरी. आक्का म्हणाल्या, "कागदावर चढलं की पानात काय ऱ्हात न्हाई."

माझ्या समोरच्या दारात वैशाली राहायची. मूळची अकोल्याची, वय छत्तीस, माणमधल्याच एका कंपनीत कामाला. नवऱ्याची बदली बंगळूरला झालेली, तो महिन्यातून दोनदा यायचा. तिला स्तनाचा कर्करोग झाला. शस्त्रक्रिया झाली, केमो झाली आणि मग पुण्याच्या एका रुग्णालयात रेडिएशन सुरू झालं. सोमवार ते शुक्रवार, एकूण पंचवीस दिवस. रुग्ण बायका याला शेक म्हणतात. वैशालीही तसंच म्हणू लागली होती. तिच्या छातीवर किरणांची जागा दाखवणाऱ्या जांभळ्या शाईच्या रेघा काढल्या होत्या, आणि त्या पुसू द्यायच्या नाहीत असं तिला सांगितलं होतं. तिसऱ्या आठवड्यात तिथली कातडी काळवंडली, आग व्हायला लागली. रुग्णालयाने एक मलम दिलं होतं. आग वाढल्याचं मात्र तिने तिथे सांगितलं नाही. सांगितलं तर शेक थांबवतील आणि सगळं लांबेल, ही तिची भीती होती.

ते आक्कांच्या लक्षात आलं. वैशाली एका संध्याकाळी दूध घेऊन जिना चढत होती आणि डावा हात अंगापासून लांब धरत होती, काखेत अंडं ठेवल्यासारखा. आक्का पायरीवर शेंगा फोडत बसल्या होत्या.

"कशानं भाजलं?" त्यांनी विचारलं.

"भाजलं नाही, आक्का. शेक चालू आहे ना."

"शेक म्हंजी इस्तवच की."

वैशालीने त्यांना यंत्राचं समजावलं. ज्योत नाही, धग नाही, तिथे झोपल्यावर काही कळतही नाही. आक्कांनी ऐकून घेतलं आणि शेंगा फोडायच्या थांबल्या. तेल, पाणी, वाफ, विस्तव, यातल्या कशातच हे बसत नव्हतं. त्या म्हणाल्या, "मला ह्यातलं ठावं न्हाई. मी असलं भाजलेलं कदी बघितलं न्हाई." हे वाक्य मी स्वतः ऐकलं आहे आणि पुढे जे झालं त्यात ते महत्त्वाचं आहे. लेपाचा आग्रह वैशालीने धरला. दोन दिवस ती सकाळ-संध्याकाळ आक्कांच्या दारात जाऊन बसत होती. तिला रात्रीची झोप लागत नव्हती. तिसऱ्या दिवशी आक्कांनी परात बाहेर काढली.

त्या लेपाचा एक भाग तयार होताना कुणालाही पाहता यायचा, तो म्हणजे तूप धुणं. परातीत तूप घ्यायचं, वर गार पाणी घालायचं, तळव्याने फेसायचं, पाणी ओतून द्यायचं आणि पुन्हा नवं घालायचं. असं शंभर वेळा. दुपारची जेवणं झाल्यावर त्या बसल्या, आणि कंपनीच्या बसेस सुटायला लागल्या तेव्हा उठल्या. तूप लोण्याहून पांढरं झालं होतं. पुढचं त्यांनी दार लावून केलं. लेप देताना सांगितलं की याला पाणी लावायचं नाही, सुकून आपोआप सुटेल तेव्हा सुटू द्यायचं.

पहिल्या रात्री वैशाली सात तास झोपली. सकाळी तिने माझं दार वाजवून मला ते सांगितलं. पाच दिवस बरे गेले. आग कमी, झोप चांगली. लेपाचं तिने रुग्णालयात सांगितलं नाही. जाताना कोरड्या फडक्याने वरचा थर पुसून जायची, धुवायची नाही, कारण धुवायचं नाही असं आक्कांनी सांगितलं होतं.

सहाव्या दिवशी मी तिच्यासोबत गेले होते. यंत्रावर काम करणाऱ्या बाईंना शाईच्या रेघा जवळजवळ गेलेल्या दिसल्या. कातडीवर चिकट थर होता. तो त्यांनी हलक्या हाताने काढला, तेव्हा छातीखालच्या घडीत कातडी सोलवटलेली आणि ओली दिसली. त्यांनी डॉक्टरीणबाईंना बोलावलं. त्या दिवशीचा शेक झाला नाही. वैशालीचे सोळा झाले होते, नऊ राहिले होते.

डॉक्टरीणबाई रागावल्या नाहीत. काय लावलं, एवढंच विचारलं. वैशालीला ते माहीत नव्हतं. मलाही नव्हतं. त्या म्हणाल्या की कातडी भरून येईपर्यंत थांबावं लागेल, पण या उपचारात मधे जास्त दिवस जाऊ देणं चांगलं नाही. लेपात काय काय आहे ते कळलं तर पुढचं लवकर ठरवता येईल. जे आहे ते घेऊन या, नाहीतर ज्यांनी दिलं त्यांनाच घेऊन या.

हे आम्ही आक्कांना त्यांच्या स्वयंपाकघरात सांगितलं. मनीषा भाकऱ्या थापत होती. आक्कांनी आधी वैशालीला जखम दाखवायला सांगितली. बराच वेळ पाहिली. मग पदर सावरून पाटावर बसल्या.

मनीषा सासूला म्हणाली, "सांगा की, आत्या. त्यात काय एवढं."

"तुला शिकवत हुते तवा न्हाई म्हनलीस. आता आयतं ऐकाया पायजे व्हय?"

"मला नगंच हाय. डॉक्टरला सांगा. तिच्या जिवाचं हाय."

"मला कळतंय कुनाच्या जिवाचं हाय ते."

मनीषाने भाकरी तव्यावर टाकली. वैशाली म्हणाली, आक्का, तुम्ही मला नाही म्हणाला होतात, मीच मागे लागले. आक्कांनी तिच्याकडे पाहिलं नाही. त्या माझ्याकडे वळल्या. "पन्नास वर्सं मानसं ह्या दारात येत्यात," म्हणाल्या. "ती काय माजं त्वांड बघाया येत न्हाईत. उद्या कुनी आलं तर त्याला काय दिऊ?" पत्रकाराला प्रश्न विचारायची सवय असते.

दुसऱ्या दिवशी उजाडताना आक्का डीपीमागच्या बांधावर गेल्या. परत आल्या त्या घरात न जाता थेट वैशालीच्या दारात. खांद्याला पिशवी, पिशवीत पाला आणि त्याखाली दोन डब्या आणि तांब्याची परात. त्यांनी बोटाने रस्त्याकडे दाखवलं. तेव्हा माझ्या लक्षात आलं की पाला अजून परातीत गेलेला नाही, म्हणजे त्या अजून बोलणार नाहीत.

माणपासून पुण्यापर्यंत त्या एक शब्द बोलल्या नाहीत. सकाळची सगळी गर्दी आमच्या उलट, हिंजवडीकडे येत होती. टॅक्सीवाल्याने दोनदा आजींना गाडी लागते का म्हणून विचारलं. रुग्णालयाच्या दारावर पिशवी तपासणाऱ्याने परात बाहेर काढली, पाला पाहिला आणि म्हणाला, पूजेचं सामान आत नेता येत नाही. वैशालीने त्याला कागद दाखवून समजावलं. वाट पाहायच्या बाकावर डोक्याला रुमाल बांधलेल्या पाच-सहा बायका होत्या. त्या आक्कांना जागा द्यायला सरकल्या. एकीने विचारलं, तुमचा कितवा शेक? आक्कांनी वैशालीकडे बोट दाखवलं.

डॉक्टरीणबाईंच्या टेबलावर आक्कांनी परात ठेवली. तिच्यात एकेक गोष्ट मांडली. मुळासकट उपटलेलं एक बारीक रोप, त्याला पिवळट लहान फूल. एक कातरलेल्या पाल्याची जुडी. सालीचा तुकडा. कोरफडीचं पातं. दोन लहान डब्या, एकीत पांढरं तूप, दुसरीत पाण्यासारखं काहीतरी. मांडून झाल्यावर त्या मागे सरकल्या, हात मांडीवर ठेवले आणि डॉक्टरीणबाईंकडे पाहिलं. त्यांचा हिशेब मला तेव्हा कळला. दाखवणं म्हणजे सांगणं नव्हे. डॉक्टर शिकलेल्या, त्या बघतील आणि ओळखतील. नाव आपल्या तोंडातून जाणार नाही, पोरीचंही काम होईल.

डॉक्टरीणबाईंनी चष्मा लावून परातीत पाहिलं. म्हणाल्या, "ही कोरफड. बाकीचं काय आहे, आजी? मी मुंबईत वाढले. तुळस आणि कढीपत्ता सोडला तर मला झाड ओळखता येत नाही."

आक्कांनी माझ्याकडे पाहिलं. मलाही कोरफडीपुढे काही ओळखता येत नव्हतं. वैशालीने मान खाली घातली होती. डॉक्टरीणबाई पेन उघडून थांबल्या होत्या. बाहेर कुणाचं तरी नाव पुकारलं गेलं.

"दगडी पाला," आक्का म्हणाल्या. सकाळपासूनचा तो त्यांचा पहिला शब्द होता आणि आवाज बसलेला होता. "झेंडूचा पाला. जांभळीची साल. कोरफड. शंभर येळा धुतल्यालं तूप. आन् चुन्याची निवळी."

सगळी नावं एका दमात झाली. डॉक्टरीणबाईंना लिहिता आली नाहीत. त्या म्हणाल्या, पुन्हा सांगता का? आक्कांनी पुन्हा सांगितली, एकेक करून, डॉक्टरीणबाईंचं पेन थांबेपर्यंत थांबून. दुसऱ्यांदा सांगताना आवाज साधा होता, किराण्याची यादी सांगावी तसा.

तेवढ्यात फाइल घेऊन एक नर्स आत आली. परातीकडे पाहून म्हणाली, "अय्या, दगडी पाला. आमच्या पार्किंगच्या कडेला कितीतरी उगवतो हा. लहानपणी खरचटलं की आई चोळायची."

"सगळीकडं उगवतो," आक्का म्हणाल्या.

डॉक्टरीणबाईंनी मग जे सांगितलं ते मी त्या दिवशी लिहून ठेवलं. चुन्याची निवळी या कातडीवर नको होती, ती झोंबते. पाला-साल उकळून निर्जंतुक केलेली नसते, आणि कातडी उघडी पडली की त्यातून जंतू आत जाऊ शकतात. जाड थर लावून यंत्राखाली जाणं बरोबर नाही, आणि न धुणं तर अजिबातच नाही. कोरफडीने काही बिघडेलच असं नाही, पण ती लावल्याने या जळजळीत नक्की फायदा होतो, असंही त्या म्हणू शकत नव्हत्या. आक्का सगळं ऐकत होत्या. शेवटी त्यांनी विचारलं, "माज्यामुळं चिगळलं का?"

"सगळं तुमच्यामुळं नाही. या आठवड्यांत अशी कातडी कितीतरी जणींची होते, काही न लावता. पण चुन्यानं आणि न धुण्यानं वाढलं असणार."

"किती?"

"ते मला सांगता येणार नाही, आजी."

आक्कांनी मान हलवली. मला वाटतं, शिक्षा असेल तर ती मापून मिळावी, असं त्यांना हवं होतं. ते मिळालं नाही. त्यांनी पाला परत पिशवीत भरायला सुरुवात केली. डॉक्टरीणबाई वैशालीला पुढचं सांगत होत्या. कोमट पाणी, साधा साबण, चोळायचं नाही, टिपायचं. लिहून दिलेलं मलम, तेही शेकाची वेळ बघून. घट्ट कपडे नकोत. आतून सैल, मऊ, सुती, शक्यतो जुनं.

आक्कांचे हात थांबले. "जुनं कसं?" त्यांनी विचारलं.

"धुऊन मऊ झालेलं. नव्या कापडाला खळ असते, शिवण टोचते."

"शिवन भाईर घेतली तर?"

"चालेल. चांगलंच."

परतीच्या वाटेवर त्या बोलत होत्या, पण औषधाबद्दल नाही. बावधनला रस्ता कुठपर्यंत खणलाय, ते पाहत होत्या. घरी आल्यावर त्यांनी लोखंडी पेटी उघडली आणि एक हिरवं लुगडं काढलं. काठ दातांनी तोडून बाजूला केला आणि उरलेलं उभं फाडलं. मनीषाने मशिनवर दोन सदरे शिवले, पुढून उघडे, बिनबाह्यांचे, शिवण सगळी बाहेरून, बटणांऐवजी नाड्या. शिवताना ती म्हणाली, "आत्या, उलटे दिसत्यात." आक्का म्हणाल्या, "तिला घालायचेत. तुला बघाया न्हाई."

वैशालीची कातडी नऊ दिवसांत सुकत आली. डॉक्टरीणबाईंनी रेघा पुन्हा काढल्या आणि राहिलेले नऊ शेक पूर्ण झाले. आग शेवटपर्यंत होती. कमी-जास्त व्हायची. शेवटच्या दिवशी तिने पेढे आणले. आक्कांनी अर्धा खाल्ला आणि उरलेला तिच्याच तोंडात घातला.

त्यानंतर आक्कांनी लेप दिला नाही. जांबेहून एक बाई वाफेने भाजलेला हात घेऊन आली. आक्कांनी तिचा हात नळाच्या गार पाण्याखाली धरायला लावला आणि बराच वेळ तसाच धरून ठेवला. मग म्हणाल्या, दवाखान्यात जा. बाईने विचारलं, लेप? "गुन गेला," आक्का म्हणाल्या. ती बाई मनीषाजवळ जाऊन कुरकुरली की म्हातारी आता माणसं पाहून औषध देते. गावातल्या काहींनी ते खरं मानलं. मी एकदा म्हटलं, नाव सांगितल्याने पाल्यात काय बदलणार, तोच तर पाला आहे. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "पाला तोच हाय. मी न्हाई ना ती." आणि मला जाड पेन आणायला सांगितलं. गच्चीवरच्या चौदाही बादल्यांवर मी त्यांच्या सांगण्यावरून नावं लिहिली. त्या मोठ्याने नाव सांगत होत्या आणि मी लिहीत होते. खालून कुणीतरी ओरडून विचारलं, गच्चीवर काय चाललंय?

वाट पाहायच्या बाकावरच्या बायकांनी वैशालीचा सदरा पाहिला होता. एकीने तिचा नंबर घेतला. मग तिची बहीण आली, सदरा न्यायला. मग आणखी दोघी आल्या. आक्का प्रत्येकीला लुगड्याचा तुकडा द्यायच्या आणि सगळं सांगायच्या. किती रुंद, शिवण कुठे, कशात धुवायचं, नीळ घालायची नाही, उन्हात कडक करायचं नाही, सावलीला वाळवायचं. समोरची लिहून घेत असेल तर थांबायच्या. समजलं का म्हणून उलटं विचारायच्या. कुणी लेपाचं विचारलंच, तर त्याचंही सांगायच्या, त्यात काय होतं आणि काय झोंबलं, चुन्यासकट. "डॉक्टरला इचारल्याबिगर कायबी लावू नगं," हे शेवटी.

वैशाली बंगळूरला गेली. पुढच्या वर्षी मीही माण सोडलं.

मागच्या उन्हाळ्यात जुन्या पत्त्यावर आलेलं माझं एक पत्र न्यायला मी तिथे गेले होते. दुपारची वेळ. इमारतीच्या दारात रिक्षा उभी होती आणि रिक्षातल्या बाईशी एक म्हातारी वाकून बोलत होती. अंगावर निळी, चकचकीत साडी, गोल नेसलेली. मी मनीषाला शोधत पुढे गेले, आणि मग आवाज ओळखून मागे वळले. आक्का होत्या. रिक्षातल्या बाईच्या मांडीवर तपकिरी चौकड्यांचा घडी केलेला तुकडा होता. आक्का तिला सांगत होत्या की शिवण बाहेरून घ्यायची.

रिक्षा गेल्यावर त्यांनी मला पाहिलं. माझी नजर साडीवर होती.

"लुगडी?" मी विचारलं.

"सपली. त्ये शेवटचं."

नवी घ्यायची, असं मी म्हणणार होते. पण नवी मऊ व्हायला किती वर्षं लागतात ते मला माहीत होतं, आणि त्यांनाही. त्यांनी पदराने गळ्याचा घाम पुसला. पदर घसरला, पुन्हा घेतला. पुन्हा घसरला.

"लई उकडतं बग ह्यात," त्या म्हणाल्या, आणि मला माझं पत्र द्यायला आत गेल्या.